चार कट्टे

रिपोर्टवर माझं नाव चुकलंय.
नागमणीच्या जागी नागमनी.
बाकीचं बरोबर असेल असं धरून चाललोय.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दारात
ह्यांना बोलावून दाखवलं, स्टीलच्या ट्रेत,
माझ्या आतलं सगळं.
मी नाही पाहिलं.
विचारलं तर म्हणाले, "एवढंसं होतं,"
आणि मूठ मिटून दाखवली.
मग ती उघडायचंच विसरले, बराच वेळ.

आमच्या तेलुगूत पोटाला कडुपु म्हणतात.
भूक लागते ते कडुपु, लेकरू राहतं तेही कडुपु.
डॉक्टर मंगरुळेंचा शब्द वेगळा, धुतलेला: गर्भाशय.
त्यांनी कागदाच्या पाठीवर उलटा पेरू काढला,
सालीकडं जाणारी एक रेघ ओढली.
"भिंतीत अर्ध्याच्या पुढं गेली होती गाठ.
आता शिल्लक काही दिसत नाही.
तरी आतून शेक द्यायचा का, ते तुम्ही ठरवा.
शंभर बायका धरा.
नाही दिला तर पंधरा जणींना तिथंच परत होतं.
दिला तर दोघीतिघींना."
"आणि जगायचं?"
"त्यात फारसा फरक पडत नाही," म्हणाले.
चष्मा काढून पुसला. खरं बोलले.

शेक काय कमी आहे का सोलापुरात,
मार्चपासून पत्रा तापतो डोक्यावर.

शंभर म्हणजे चार कट्टे.
बत्तीस वर्षं विड्या वळल्या,
शंभराचा अंदाज माझ्या बोटांना विचारा.
रात्री रिकामं सूप मांडीवर घेतलं
आणि बायका मांडत बसले.
अंबक्का, तिची नणंद, घरकुलातल्या शेजारणी,
माल द्यायला माझ्या पुढं उभी राहणारी यल्लव्वा,
जिच्या केसांतून तंबाखूचा वास
सणालासुद्धा जात नाही.
यातल्या पंधरा वेगळ्या काढायच्या म्हटलं
तर हात उचलेना.
चेकर कसा काढत असेल छाट?
बघतो, दाबतो, मोडतो, टाकतो.
किती भांडलेय मी त्याच्याशी,
"अहो, धागा सुटलाय नुसता, विडी चांगली आहे."

घरात ज्याचं त्याचं ठरलंय.
श्रीनिवास भिवंडीहून फोनवर: आई, घेऊन टाक.
सुनेनं मोबाइलवर काहीतरी वाचलंय,
ती हल्ली माझ्या ताटात दोनदा डोकावते.
अंबक्का म्हणते, "बरी झालीस ना?
मग सुखाचा जीव कशाला भाजून घेतीस?"
हे म्हणतात, "तू म्हणशील तसं."
एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
मला त्याचीच जास्त भीती वाटली.

खरं विचारायचं होतं ते डॉक्टरांना विचारलं नाही.
तिथं शेक दिल्यावर
ह्यांच्याजवळ निजायचं की नाही.
अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण विचारतं असलं?
जिन्यापर्यंत गेले, परत आले,
तबस्सुम सिस्टर रजिस्टर लिहीत होती, तिला विचारलं.
हसली नाही.
उठून दार लोटलं, स्टूल ओढलं.
"जागा आखडते, काकू. पण त्यावर उपाय आहे. सांगते."
आणि सांगितलं,
लोणचं कसं घालायचं ते सांगावं तसं,
काही न वगळता.

ठरलं ते तिथं का, मला सांगता येणार नाही.
पंधरा, दोन, तीन, ते सगळं बाहेरच राहिलं.
एका बाईनं दार लोटलं, एवढं खरं.

तीन वेळा जायचं, आठवड्याच्या अंतरानं.
पाण्याची पाळी आली त्या दिवशी तर नळ सून बघेल,
मला घागर उचलायची नाहीच अजून.
फॉर्मवर नातेवाइकाच्या सहीची जागा ऐसपैस,
माझी खाली, कोपऱ्यात.
हे पेन घेऊन पुढं झाले, मी घेतलं.
सही तेलुगूत केली, शाळेत शिकले तशी.
खिडकीतला पोरगा म्हणाला, "हे काय लिहिलंय?"
"माझं नाव," म्हटलं.
"ण आहे त्यात. रिपोर्टवरचं पण सुधारून घे."